भविष्यातील पाहुण्या

मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या. मोबाईल तिथंच ठेवलेला होता, आणि तो थरथरला की वाट्याही थरथरतात. दुपारचे अडीच. माझी लेक प्रियू नुकतीच झोपली होती आणि मी अर्ध्या तासापासून श्वाससुद्धा हळू घेत होते. तिनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला, परत झोपली. तेवढ्यावर निभावलं.

मेसेज तालुक्याहून होता. पुढच्या वीस वर्षांत देशाची सरकारी आरोग्यसेवा कशी असावी, याचा आराखडा गावापासून वर जाणार होता. गावचा तक्ता आशाताईनं भरायचा. आमच्या गावची आशाताई म्हणजे मी. आज मंगळवार; देशानं मला गुरुवारपर्यंत वेळ दिला होता.

मागच्या वर्षीचा आकडा त्यांनीच भरून पाठवला होता. गावातील बाळंतपणं : तीन. खाली नियम : वीसपेक्षा कमी असल्यास उपकेंद्रातली बाळंतपणाची खोली बंद करावी, खाट टेंभुर्णीला हलवावी.

मी रजिस्टर काढलं. त्या खोलीत वर्षभरात तेवीस बाळं जन्मली होती. तेविसांचीही वजनं माझ्या अक्षरात होती. मग वीस गेली कुठं?

शेवटच्या रकान्यात सापडली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. गावच्या सुना सातव्या महिन्यात जातात, गावच्या लेकी येतात. आलेल्या लेकीला सगळे लाडानं पाहुणी म्हणतात. "पाहुणी काय म्हणती?" असं विचारलं की ती ताटातली अर्धी भाकरी ठेवून लाजते. मीही त्याच लाडानं वीस जणींपुढं 'पाहुणी' असा शेरा मारून ठेवला होता. तालुक्याच्या कॉम्प्युटरनं पाहुण्या वगळल्या. पाहुण्यांची मोजणी गावात होत नाही.

मी नर्सबाईंना, दैवशाला सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, त्यांनी पाहुण्या धरल्याच न्हाईत."

"ते कशाला धरतील? कंबर मोडोस्तोर मी धरल्या की सगळ्या."

संध्याकाळी जन्नतबीकडं गेले. त्यांची फरहीन परतूरहून आल्ती, नववा लागला होता, पहिलटकरीण. टेंभुर्णी अकरा किलोमीटर, मधल्या नळकांडी पुलाला कठडा नाही. मी खोलीचं सांगितलं. जन्नतबी लसूण सोलायच्या थांबल्या.

"मेरी छोरी मेहमान कबसे हुई गे, वंदना?"

"मीच लिहिलं, खाला. चुकून."

"तू लिख्या, तूच मिटा."

बुधवारी प्रियूला कडेवर घेऊन टेंभुर्णी गाठली. आराखड्याचं काम बघणारे राजानंद सर मीटिंगला आले होते. भला माणूस. प्रियूला त्यांनी स्वतःचं बिस्कीट दिलं आणि मग मला आलेख दाखवला. रेघ घसरगुंडीसारखी खाली येत होती.

"तुमच्याच गावाचं नाही हे, ताई. सगळ्या गावांत सुना माहेरी गेलेल्या आणि लेकी पाहुण्या. या हिशोबानं दोन हजार चाळीसनंतर तालुक्यात कुणी जन्मत नाही."

"मंग शाळा, सर?"

"शाळा आपल्या खात्याकडं येत नाहीत."

"शेरा खोडू का मी?"

"मागचं वर्ष बंद झालं, आता खोडता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पण पुढची मागणी दाखवता येते. कोण येणार ती नावं द्या. वीस झाली तर खोली राहते. सही मी घेतो."

"पुढच्या पाहुण्या आत्ता अंगणवाडीत हायत, सर."

मी चिडून बोलले होते. त्यांनी तक्ता ओढला आणि वर सुंदर अक्षरात मथळा लिहिला : भविष्यातील पाहुण्या.

"अंगणवाडीतनंच घ्या मग," ते म्हणाले. हसले बिलकुल नाहीत.

घरी येऊन प्रियूला झोपवलं आणि लिहायला बसले. तीन रकाने होते : नाव, आजचं वय, पहिल्या बाळंतपणाचं अपेक्षित वर्ष. झुंबरबाईंच्या नातीला दोन हजार पंचेचाळीस दिलं. तिला अजून फ्रॉकची बटणं लावता येत नाहीत. अबुबकरभाईच्या धाकटीला सेहेचाळीस. ती अंगणवाडीत दुधाची बाटली घेऊन येते. साहेबरावांच्या जुळ्यांपुढं एकच वर्ष लिहिलं आणि वाटलं, त्यांच्या आईची त्या साली किती धावपळ होईल. मग एकीचं वर्ष पुढं ढकललं. तासाभरात मी गावातल्या साऱ्या पोरी सासरी धाडून परतही आणल्या.

एकोणीस झाल्या. अंगणवाडीत मुली वीस आहेत.

सिस्टरांचा फोन आला. "भरली का यादी?"

"एक राह्यली."

"कुणाची?"

मी झोपलेल्या प्रियूकडं बघितलं. सिस्टरांनी ओळखलं. त्यांचा आवाज उतरला. "वंदे, लिही माय. फरहीनला आठ-दहा दिवसांत कळा लागतील. त्या पुलावरून न्यायची का तिला?"

फोन ठेवला आणि लिहिलं. प्रियदर्शनी. वय चार. वर्षाचा रकाना मोकळा ठेवला. मग तेवढ्यावरनं यादी परत येईल म्हणून पंचेचाळीस लिहिलं.

मागं हालचाल झाली. प्रियू उठून आली होती, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. माझ्या मांडीवर बसली, कागदावरून बोट फिरवत खाली गेली आणि थांबली. स्वतःचा 'प्रि' तिला ओळखू येतो.

"आई, हे मी!"

"हो."

"कशाला लिहिलं?"

"तू मोठी झालीस की तुला बाळ होईल. तवा तू इथं येशील, माझ्याकडं. म्हणून सिस्टरांची खोली ठेवा म्हणून सांगितलं."

तिला ते पसंत पडलं. बाळाला माझ्या ताटात जेवू देणार का, हे तिनं विचारून घेतलं. मी हो म्हणाले. मग ती पेनाचं टोपण चावत बसली. मी तिच्या घामेजल्या केसांतून हात फिरवत यादी परत एकदा मोजली. बराबर वीस.

टोपण तोंडातून काढून तिनं मान वर केली.

"येशील म्हंजे? मी कुठं जाणारे?"