शेपटीचा दिवा

बेगमपेटचा विमानतळ चालू होता, तेव्हा आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसायची. माझे यजमान राजलिंगम तिथे विमानांच्या बाहेरच्या दिव्यांचं काम करायचे. संध्याकाळी मी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर गेले की स्वरूपा पाठोपाठ यायची. "अम्मा, तो लाल बघ. नानांनी पेटवलाय." डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, हे ती अक्षरांच्या आधी शिकली.

आता विमानतळ शमशाबादला गेला, यजमानही गेले. स्वरूपा चाळिशीला आली. ती तिथल्याच एका दुरुस्तीच्या शेडमध्ये वडिलांचंच काम करते, पण उंच शिडीवर न चढता. खाली उभी राहून ती ड्रोन उडवते. विमानात बसलेला माणूस एकेक दिवा लावतो, ड्रोन जवळ जाऊन फोटो काढतो. शेडमधले लोक त्याला चतुर म्हणतात, तळ्यावर भिरभिरतो तो किडा. तो आणावा म्हणून स्वरूपा वर्षभर साहेबांच्या मागे लागली होती. शिडीवाले तेव्हा खूप हसले होते.

सर्वांत जास्त हसला भिक्षपती. यजमानांच्या हाताखाली तयार झालेला, त्यांना अन्ना नि मला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणणारा, स्वरूपाचा बाबाई म्हणजे काकाच, दर वर्षी त्यांच्या तिथीला न बोलावता जेवायला येणारा.

यंदाच्या तिथीला सकाळी मी ज्वारीचं पीठ मळत होते. स्वरूपा येऊन ओट्याला टेकली. आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"हा शेपटीचा दिवा. पेटलेला दिसतोय ना?"

"दिसतोय की."

"आता हा बघ. सगळे दिवे बंद करायला सांगितले, त्यानंतरचा."

त्यातही तो तसाच उजळलेला.

"काचेत चतुराच्या स्वतःच्याच दिव्याचा उजेड पडलाय, अम्मा. दिवा आधीपासूनच बंद होता. मी तो चालू म्हणून शिक्का मारला."

मग तिने बाकीचं सांगितलं. तिच्या तपासणीनंतर भिक्षपतीने शेपटीजवळचा एक पत्रा बदलला. विमान निघायच्या वेळी वैमानिकाला दिवा बंद दिसला, उड्डाण रखडलं. फोटोत तर दिवा चालू. म्हणजे पत्रा बसवताना भिक्षपतीनेच वायर ओढली, असं ठरलं. त्याचा शिक्का काढून घेतला. शिक्का नसलेल्या माणसाच्या कामाला तिथे किंमत नसते. तो आता दुसऱ्यांच्या हातात पाने-पकडी देतो.

"तुला कधी कळलं?"

"उड्डाण रखडलं त्याच संध्याकाळी, फोटो पुन्हा बघताना."

"आणि गप्प बसलीस?"

"सगळे म्हणतील, बाईने खेळणं आणलं आणि खेळत बसली. चतुर काढून टाकतील." तिने फोन पालथा ठेवला. "रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग बाबाई समोर दिसतात, मला सलाम ठोकतात."

मी पुन्हा पिठात हात घातला. त्या माणसाने माझ्या यजमानांना खांदा दिला होता.

दुपारी भिक्षपती आला तो फाटकातूनच ओरडत. "वदिना! बकऱ्याच्या बोटीच्या रश्श्याचा वास कोपऱ्यापर्यंत आलाय. अन्ना आज कावळ्याची वाट बघणार नाहीत, स्वतःच उतरतील!" मग स्वरूपाकडे वळून, "काय गं वैमानिक, तुझ्या चतुराने अंडी घातली की नाही?"

एरवी तिने सव्वाशेर उत्तर दिलं असतं. तिने पाट मांडला.

गच्चीवर कावळ्याला पान ठेवून आम्ही जेवायला बसलो. दोन घास खाऊन भिक्षपतीने उजवा हात ताटावर धरला.

"बघा, वदिना. थरथरतोय ना?"

"नाही रे, बाबा."

"थरथरतो. वायर ओढल्याचं मला आठवत नाही. पण फोटो कशाला खोटं बोलेल? उद्या साहेबांना सांगणार आहे, मला मोकळं करा. न आठवणारा माणूस विमानाला हात लावायच्या लायकीचा नाही." मग स्वरूपाकडे बघून तो हसला. "बरं झालं बाई, तुझा फोटो होता. नाहीतर माझी चूक तुझ्या गळ्यात पडली असती."

स्वरूपाने हातातला घास ताटात ठेवला.

"बाबाई, तुम्ही वायर ओढली नाही." आणि खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. फोटोही दाखवले, आधी एक, मग दुसरा.

त्याने ते पुन्हा पुन्हा पाहिले. मला वाटलं, ताट सरकवून उठेल. पण अन्नाच्या तिथीचं ताट टाकायचं नाही, म्हणून त्याने उरलेली भाकरी रश्श्यात बुडवून शेवटपर्यंत खाल्ली. मग विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी रोज झोपताना हाताकडे बघत होतो गं. घरी बायकोलाही म्हटलं, हा माझा हात राहिला नाही."

स्वरूपा रडली नाही. उष्ट्या हातानेच तिने साहेबांना फोन लावला आणि आमच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं, गप्प बसल्याचंसुद्धा. पलीकडून बराच वेळ आवाज चढलेला ऐकू येत होता. ती फक्त "हो" म्हणत राहिली.

भिक्षपतीला शिक्का परत मिळाला. स्वरूपाचा सहा महिन्यांसाठी गेला. चतुर राहिला, फक्त आता आधी दिवा बंद असताना फोटो काढतात, मग चालू करून, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतात. चतुर आता दुसराच कोणी उडवतो. स्वरूपा त्याच्या बॅटऱ्या चार्ज करते. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

भिक्षपती परवा बोनालूच्या सणाला आला होता. हसला, टोमणे मारले, तिने ठेवलेला चहा प्याला. जाताना म्हणाला, "वदिना, गॅस बंद केलात ना?" चहा त्यानेच उतरवला होता, बटणही त्यानेच बंद केलं होतं. तो आत जाऊन बघून आला. चपला घातल्या, आणि पुन्हा एकदा आत गेला.

स्वरूपा स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तो फाटकाबाहेर गेल्यावरही ती गॅसच्या बटणाकडेच बघत होती.