कोऱ्या रकान्यातलं नाव

तीन स्क्रू गंजलेले आणि चौथा कोरा करकरीत. सिप्रियानोने त्याच्यावरून अंगठा फिरवला. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे एरवी कुणी बघत नाही, तिथे तो चमकत होता — म्हणजे पुठ्ठा काढला होता, आणि पुन्हा बसवला होता. गाडी लाल, दार निळं. टेक्सासच्या लिलावात घेतली तेव्हा डावं दार चेपलेलं होतं, आणि चेपलेल्या दाराच्या गाडीला घरच्या साल्काहा गावच्या गाडीबाजारात कुणी विचारत नाही, म्हणून वाटेत वेराक्रूसच्या भंगारवाल्याकडून हे निळं उचललं. उचललं निकानोरने. बसवलंही त्यानेच, भर दुपारी, सिप्रियानो पिकअपच्या सावलीत घोरत असताना. दोन तास लागले म्हणे... एक दार बसवायला दोन तास?

रांग हलली. त्याने दार लोटलं आणि पुढे जाऊन पिकअप दोन हात सरकवली. मागे दोरखंडाला आणि लोखंडी दांड्याला बांधलेली लाल गाडी मुकाट्याने आली. सरहद्दीच्या सुचिआते नदीवरचा पूल मागे पडला होता, कीटकनाशक औषधाच्या फवाऱ्याने दोन्ही गाड्या न्हाऊन निघाल्या होत्या, आता फक्त जकातीची तपासणी, आणि मग ग्वातेमाला, घर. गेली अकरा वर्षं तो असा येतो — एक गाडी चालवत, एक ओढत, आणि ओढलेल्या गाडीच्या पोटात शेजाऱ्यापाजाऱ्यांची शिलाई मशीनं, गाद्या, सायकली. अकरा वर्षांत एकदाही छातीत असं धडधडलं नव्हतं. एकटा येत होता म्हणून असेल.

"दादा, कॉफी." निकानोर खिडकीशी आला. दोन प्लास्टिकचे पेले, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला तमाल. "मिरची वेगळी मागून घेतली तुमच्यासाठी."

"कुठे होतास एवढा वेळ?"

"कॉफीच्या रांगेत. कॉफीवाल्या बाईला विचारा हवं तर, दाखला लिहून देईल." तो हसला. "दादा, तुम्ही तर सासूकडेसुद्धा पावती मागाल."

हसणं हे असं. या हसण्यावर अंपारो भाळली, पाच वर्षांपूर्वी — आणि बहिणीपुढे सिप्रियानोचं कधी चाललंय? याही खेपेला तिनेच गळ घातली होती. घेऊन जा त्याला, दादा, काम शिकेल, तुमच्या हाताखाली माणूस होईल. आणला. तेव्हापासून चार दिवस तो बघतोय. फोन आला की हा उठून लांब जातो. बोलताना तोंडावर हात धरतो. तांपिकोत पायात जुने जोडे होते, वेराक्रूसला नवे... कुठून आले? विचारलं तर म्हणाला, बाजारात स्वस्त मिळाले. मिळालेही असतील. पण एकदा मनात पाल चुकचुकली, की माणसाला प्रत्येक गोष्टीत तिचंच शेपूट दिसायला लागतं.

त्याच्याच धंद्यातल्या मेलेसिओच्या गाडीत, जादा टायरमध्ये, अमली माल निघाला होता, याच नाक्यावर. टायर दुसऱ्याचा, ठेवला दुसऱ्याने, पण कागद मेलेसिओच्या नावावर. सात वर्षं झाली, अजून आत आहे. त्याची बायको दर रविवारी डबा घेऊन जाते आणि सांगते की तो आता चेष्टा करत नाही. जकातवाला हे विचारतच नाही, की ठेवलं कुणी. तो विचारतो, गाडी कोणाची.

पुठ्ठा उघडून बघावा का? पेचकस हाताशी आहे. पण उघडून बघितलं आणि निघालं, तर? मग मला माहीत असेल. मग अंपारोला काय सांगू — तुझ्या नवऱ्याला मीच दिला धरून? आणि नाही निघालं, आणि हा कॉफीचा पेला घेऊन मागे उभा राहून बघत असला, तर?... नको. न बघितलेलं बरं. न बघता काही करता आलं तर बघावं.

आणि करता येत होतं. सकाळपासून ते त्याच्या डोक्यात होतं, फक्त त्याने त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. मालकीच्या अमेरिकन कागदाच्या पाठीवर घेणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो; तो कुणीच तिकडे भरत नाही. वाटेत गाडी विकली जाते, बदलली जाते, म्हणून रकाना कोरा ठेवायचा आणि इथे, नाक्यावर, भरायचा. अकरा वर्षं त्या रकान्यात एकच नाव पडत आलंय.

"मी कागद करून येतो," तो म्हणाला. "तुझी ओळखपत्राची झेरॉक्स आहे ना फाईलमध्ये?"

"आहे. कशाला?"

"लागते."

ताडपत्रीखाली लोकांचे कागद भरून देणारी दोन्या रेफुखिओ टाइपरायटर घेऊन बसली होती. तिने पिकअपचे कागद न विचारताच भरले. लाल गाडीचा कागद उलटा केला, चष्मा वर सरकवला. "हाही तुमच्याच नावावर ना, डॉन सिप्रियानो?"

"नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच निघाला, याचं त्याला नवल वाटलं. "निकानोर कोयोय. माझ्या बहिणीचा नवरा."

तिची बोटं थांबली. "अख्खी गाडी? मेव्हण्याला?" ती म्हणाली. "माझे भाऊ मला मयताला सुद्धा बोलावत नाहीत. जीव मोठा आहे हो तुमचा." आणि टकटक, टकटक, एकेक अक्षर पडत गेलं, आणि प्रत्येक अक्षराबरोबर सिप्रियानोच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत गेलं. हलकं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? चांगलं हलकं वाटलं. काही नसेल तर घरी जाऊन नाव पुन्हा फिरवून घेऊ, त्याला कळणारही नाही.

हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं — नाव ज्याचं, सही त्याची. एवढी वर्षं स्वतःच्याच नावाने कागद करणाऱ्या माणसाकडून होणारी चूक. दोन्या रेफुखिओनेच हाक मारली, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी. "अरे कोयोय, ये, सही कर. नशीब काढलंस."

निकानोर आला. कागद वाचला. पुन्हा वाचला, ओठ हलवत. सिप्रियानो त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, कारण आता कळणार होतं. पुठ्ठ्यामागे काही असेल तर स्वतःचं नाव बघून याचा रंग उडेल. रंग उडाला. धरला, त्याच्या मनात आलं, धरला... आणि निकानोरने डोक्यावरची टोपी काढली.

"दादा," तो म्हणाला. "पाच वर्षांत तुम्ही मला कधी किल्लीला हात लावू दिला नाहीत. मी अंपारोला म्हणायचो, तुझा भाऊ मला चोर समजतो."

"सही कर. रांग खोळंबलीय."

त्याने सही केली, आणि तिथेच फोन लावला. या वेळी लांब गेला नाही, तोंडावर हात धरला नाही. "अगं, दादांनी लाल गाडी माझ्या नावावर केली. शपथ. घे, त्यांच्याशीच बोल." फोन सिप्रियानोच्या कानाला लागला. तिकडून अंपारो रडत होती. लहानपणी रडायची तशीच, शब्द गिळत. "मला माहीत होतं, दादा... मला माहीत होतं, तुम्ही नुसते वरून तसे कडक आहात."

तो हं म्हणाला आणि फोन परत दिला.

तपासणीचा साहेब आला, हातात आरसा बांधलेली काठी. पिकअपखाली बघितलं, गाद्या दाबून बघितल्या. मग लाल गाडीजवळ थांबला.

"ही कोणाची?"

सिप्रियानोने तोंड उघडलं होतं. काय बोलणार होता, ते त्याला आजही सांगता येणार नाही. त्याच्याआधी निकानोर पुढे झाला, टोपी छातीशी धरून, छाती काढून.

"माझी, साहेब."

किती चटकन म्हणाला... फारच चटकन? की आनंदच एवढा? ज्याला भीती आहे तो असं म्हणेल? की ज्याला भीती आहे तोच असं म्हणेल? साहेबाने निळ्या दाराकडे बघितलं, मग निकानोरकडे, आणि बोटाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. निकानोर येऊन सिप्रियानोच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. त्याच्या अंगाला कॉफीचा आणि घामाचा वास येत होता. त्याने हळूच म्हटलं, "घरी गेलो की पहिली चक्कर तुम्हाला, दादा. तुम्ही पुढे बसायचं."

साहेबाने दार उघडलं आणि आतल्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, एकदा, मग जरा खाली, पुन्हा.

सिप्रियानोचे ओठ हलत होते. सकाळपासून तो देवाला एकच विनवत होता, काही निघू नये म्हणून. आताही आपण तेच पुटपुटतोय, असं त्याला वाटत होतं. पण शब्द ऐकू आले तेव्हा कळलं, ते तेच नव्हते. निघू दे, मी म्हणत होतो. थोडंसं का होईना, पण निघू दे.