बाहेरून लावलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. माझ्या पाठीवर ‘सात लिव्हर’ असा शिक्का आहे आणि त्या सातांतल्या एकातही अक्कल नसणार, असं सगळे धरून चालतात. चालू दे. इकडे तमिळ मुलखात, अण्णा नगरातल्या एका फ्लॅटच्या जाळीच्या दाराला लटकून मी मोठ्या माणसांची अक्कलही बघून घेतलीय.

जॉर्ज टाउनच्या दुकानातून मला हेरंबनं आणलं. ओढून बघितलं, आपटून बघितलं, चावायचं तेवढं राहिलं. हेरंब सिरुसेरीत सॉफ्टवेअरवाला, बायको क्षमा बँकेत, दोघं साताऱ्याची. मुलगी ऊर्मी, अकरा वर्षांची.

त्या आठवड्यात घरात एकच खल चालला होता. सुट्टीत पोरीनं घरी एकटं राहावं का? साताऱ्याहून आजोबा रत्नाकर रोज व्हिडिओवर निकाल द्यायचे. कधी बारा वर्षं, कधी चौदा, एकदा तर थेट लग्नानंतर. आपण नवव्या वर्षी एकटे म्हशी राखायचो, हेही तेच सांगायचे.

आणि गंमत बघा. क्षमा फोनवर असली की ऊर्मी कुकर उतरवण्याएवढी मोठी. पाण्याचा टँकर आला की खाली पळण्याएवढी मोठी. एकटं राहायचा विषय निघाला की कुक्कुलं बाळ.

शेवटी तोडगा निघाला. पोरगी एकटी राहील, पण बाहेरून कुलूप लावून. किल्ली समोरच्या विजयलक्ष्मी आजींकडे. आजी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी एकटं राहावं का, यावर कुणी बैठक घेतली नव्हती.

ऊर्मीनं एकदाच विचारलं, “आग लागली तर?”

“अभद्र बोलू नये,” हेरंब म्हणाला. झाला आगीचा बंदोबस्त.

मला लावून दोघं निवांत लिफ्टमध्ये शिरायची आणि नातेवाइकांना सांगायची, आमची ऊर्मी आता स्वतंत्र झालीय. पोपटवालासुद्धा पिंजऱ्याकडे बोट दाखवून असं म्हणत नाही. त्याला थोडी तरी लाज असते.

मे महिन्यातल्या एका दुपारी आजी घरात पाय घसरून पडल्या. वाऱ्यासाठी त्यांचं लाकडी दार उघडं होतं, पण जाळीच्या दाराला आतून कडी होती. ऊर्मी आमच्या जाळीशी धावत आली. समोर चार पावलांवर आजी, कपाळातून रक्त. मध्ये मी. माझी किल्ली आजींच्या भिंतीवर, खिळ्याला.

तिनं बापाला फोन लावला. तो मीटिंगमधून कुजबुजला, कशाला हात लावू नकोस, मी निघतोच. सिरुसेरीहून यायला दीड तास. तिनं अँब्युलन्सला फोन केला, मग खिडकीतून वॉचमनला वर बोलावलं. त्याचा पंजा आजींच्या जाळीतून आत जाईना. ऊर्मीचा गेला असता. दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

सर ओरडतील, असं वॉचमन म्हणाला. ती त्याला तमिळमध्ये म्हणाली, “ओरडले तर मला ओरडतील. अण्णा, तुम्ही तोडा.”

मी जन्मात पहिल्यांदा मनापासून उघडलो, तो पहारीनं. तिनं समोरच्या जाळीत हात घातला, कडी काढली आणि आजींच्या कपाळावर टॉवेल दाबून बसली.

हेरंब आला तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती. पोरीच्या फ्रॉकवर रक्त. त्याचं पहिलं वाक्य, “कुलूप कुणी तोडलं?”

“मी तोडायला लावलं,” ती म्हणाली. मान खाली घातली नाही.

चार दिवसांनी आजी हाताला प्लॅस्टर, कपाळावर टाके घेऊन परतल्या. हेरंब बायको-लेकीला घेऊन भेटायला गेला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, की या वयात आजींनी एकटं राहणं बरं नाही. त्यापेक्षा बाहेरून कुलूप लावू, किल्ली आमच्याकडे ठेवू.

आजींनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “हेरंबा, दोनी घराच्या किल्ल्या पोरीकडं दे. हाक मारल्यावर तीच येती.”

हेरंब मोबाइल काढून काही तरी वाचू लागला. किल्ल्या क्षमानं दिल्या, लेकीच्या तळहातावर.

माझी कडी पिळवटलीय. उद्या भंगारवाला येईल. वितळवा, माझी बादली करा, बिजागरी करा, तक्रार नाही. फक्त आत जिवंत माणूस असताना बाहेरून लटकायचं काम पुन्हा माझ्या गळ्यात मारू नका.