पाच मिनिटं पुढे

बोगदा येईपर्यंत दोन्ही ट्रक गुण्यागोविंदाने धावत होते. पुढचा ट्रक आपला वेग सेकंदाला दहा वेळा मागच्याला कळवायचा. पुढच्याने ब्रेक मारला की मागचा आपोआप थांबायचा. त्यासाठी दोघांची घड्याळं जुळलेली हवीत, कारण शिळा निरोप मागचा ट्रक सरळ टाकून देतो. वेळ उपग्रहाकडून यायची. बोगद्यात उपग्रह सापडत नाही, तेवढ्यापुरती ती गाडीतल्या साध्या घड्याळावरून घ्यावी, ही अक्कल भाचीची. ती या प्रकल्पाची इंजिनियर, आणि मागचा ट्रक चालवणारा तिचा सख्खा मामा.

बोगद्यात पुढच्याने ब्रेक मारला. मागचा ट्रक ढिम्म. मामाने स्वतः पाय दाबला म्हणून दोन हातांवर गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

नोंदी चाळल्यावर उलगडा झाला. मामाच्या ट्रकमधलं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं, त्यामुळे पुढच्याचा प्रत्येक निरोप त्या ट्रकला शिळा वाटला. साहेब म्हणाले, ‘चालकाने घड्याळाशी खेळ केला’ असं लिहा आणि मोकळ्या व्हा. तसं लिहिलं तर मामाची नोकरी गेलीच. नाही लिहिलं तर प्रकल्प तिच्या हातून जाणार, आणि त्यापायी तिने चार वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. मामाला मामा बनवणं अवघड नव्हतं. तो तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

ती वाहनतळावर गेली. मामा चाकाला टेकून डबा खात होता.

“मामा, घड्याळ तू पुढे केलंस?”

“केलं की. हातात येईल त्या गाडीत करतो. तुला शाळेत सोडायचो तेव्हापासूनची खोड. तू कधी वेळेवर आवरलंयस?”

तिला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

“का गं, माझं काही चुकलं?”

“तुझं नाही.”

तिने अहवालात लिहिलं: कुणीही फिरवू शकेल अशा घड्याळावर भिस्त ठेवली, ही आखणीची चूक. आखणी माझी. साहेबांनी तो वाचला आणि प्रकल्प दुसऱ्याच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखा तिला न्यायला आला. त्याच्या मते आठ वाजले होते. खालून हॉर्न वाजला तेव्हा ती एक चप्पल शोधत होती. अजून पाच मिनिटं होती.