आवसेआधी ओतलेला पाया

ऐक, आधी नुसतं ऐक गड्या, मधी तोंड घालू नगंस. अमिरातीत अल ऐनला खजुराच्या बागेत एका अरबाचा बंगला बांधतोय ना आम्ही, तितलं सांगतो. मेन ठेका शेखरदाजींचा. आपल्याच गावचा चंद्रशेखर, आता उम्म अल कुवैनला एसीत हाफिस थाटून बसलाय. पायाचं काम त्यानं दिलं संग्रामतात्याला, पोटठेक्यानं. तात्या म्हंजे त्याच्या बायकोचा, सुचित्राताईचा, सख्खा भाऊ. मी तात्याचा मुकादम, पर माझा व्हिसा दाजींच्या कंपनीवर.

आता करारात लिवलंय, सळई बांधून झाली की मालकाकडनं काम तपासणाऱ्या कन्सल्टंटच्या यम्नामॅडमनं बगायची, सही करायची, मगच काँक्रीट ओतायचं. मॅडम येणार दुसऱ्या दिवशी. आन् दुसऱ्या दिवशी आवस! आपले गवंडी आवसंला थापीला हात लावत न्हाईत, तुला ठावं हाय. हितं वाळवंटात बी खोलीत कॅलेंडर टांगलंय त्येच्यापायी. काँक्रीटची गाडी आज न्हाईतर उद्या, मग आठ दिवस न्हाई. ऊन तर असं, की सळई उचलली की हातमोज्यातनं चटका बसायचा. तात्याचं हात तारंत गुंतल्यालं, म्हून माज्याच फोनवरनं दाजींना लावला आन् फोन म्या धरला, स्पीकरवर.

तात्या म्हनला, "दाजी, उद्या आवस हाय. कसं करू?"

"आजच वतून घे. मॅडमच्या सहीचं मी बगतो. यल्ला, उरक, गाडी आडवून ठेवू नगंस!"

वतलं. समदे पाये वतले.

तर दुसऱ्या दिवशी मॅडम आली आन् बगतीय तर काँक्रीट वाळतंय. ती पेटलीच. "खोलो!" म्हनली. दोन दिवस ब्रेकर लावून एक पाया फोडला. आमच्या पोरांनी घाम गाळून बांधल्यालं आमच्याच हातानं फोडायचं, कसं वाटत आसंल बग! सळई मोजली. एक बी कमी न्हाई, गाठ बी ढिली न्हाई.

मग बागेतल्या पत्र्याच्या केबिनीत मिटिंग. मॅडमनं करार पुढ्यात टाकला. "काम अच्छा है. लेकिन बिना दिखाए ढक दिया. बाकी सब भी खुलेगा. किसने बोला डालने को? कंपनीने बोला तो कंपनी भरेगी. इसने खुद डाला तो खलास, इसका पूरा गँग आज साइटसे बाहर."

दाजी पायावर पाय टाकून बसल्याला. कसा फिरला सांगू? "मैने कुछ नही बोला मॅडम. ये देहाती लोग है, अमावस मानते है. अपने मनसे डाल दिया."

देहाती! म्हंजे ह्यो काय पॅरिसात जन्मला व्हय रं?

मी तात्याकडं बगितलं. तात्या गप. हेल्मेट मांडीवर घिऊन त्येची पट्टी वढतोय, सोडतोय. भाईर चौदा मानसं सावलीला उभी. गेली तर कुटं जात्याली? आन् दाजी माज्याकडं सरकून मराठीत, दातावर दात धरून म्हनला, "तू काय ऐकलं न्हाईस. ऐकलंस? व्हिसा कुणाचा हाय, ध्यानात ठेव."

गड्या, त्येनं धमकी दिली नसती तर कदाचित मी गप बसलो असतो. खरं सांगतो.

"मॅडम," मी म्हनलो, "फोन मेरे हाथमे था. इन्होने बोला. आजच डालो बोला, साइन मै देखता बोला."

"खोटं बोलतंय भडव्याचं!" दाजी उठलाच खुर्चीतनं.

मॅडमनं माजा फोन मागितला. त्या दिवसाचा कॉल, टायम, गाडी खाली झाली त्येच्या आधी वीस मिंटं, समदं तिनं लिवून घेतलं. म्या सही केली. दाजींच्या कंपनीवर भार पडला, तात्याचा गँग साइटवर ऱ्हायला. दाजी जाताना म्हनला, "उद्या हाफिसला ये. व्हिसाच्या कॅन्सलेशनच्या कागदावर पन अशीच सही कर."

करीन म्हनलो. मला वाटलं तात्या तरी पाठीवर हात ठिवंल.

तात्या भाईर आला, खजुराच्या बुडाशी थुकला. "तुला कुणी सांगितलं हुतं रं बोलाय?"

"तात्या, चौदा मानसं—"

"चौदा मानसांना मी काम दिलं असतं कुटं बी. हितं न्हाईतर शारजात. पर बहिणीच्या नवऱ्याला परक्या बाईम्होरं नागवा केलास तू. आज सुचित्राच्या घरात काय चाललं आसंल? तिनं मला फोन केला तर काय सांगू? मी गप बसलो ते काय मला तोंड न्हवतं म्हून?"

"दाजी तुम्हाला देहाती म्हनला!"

"मला म्हनला. तुज्या का पोटात दुखलं?"

आन् गेला, मर्दा. काँक्रीट फोडायला उभ्या असल्याल्या पोरांत जाऊन सोता ब्रेकर धरला. माज्याकडं वळून बगितलं न्हाई. रातीला माजा डबा बी दुसऱ्या पोराकडनं धाडला.

आता उद्या उम्म अल कुवैनला जायचंय, कागदावर सही कराय. बोल की. आता बोल. माज्या जागी तू त्या केबिनीत असतास, फोन तुज्या हातात असता, तर काय केलं असतंस?