फाडलेली सही

“माझी सही होती त्या कागदावर, आणि तुम्ही तो सरळ फाडलात?”

काच कापायचा कटर सुनेच्या हातात तसाच राहिला. सासरे मृत्युपत्राचे चार तुकडे कचऱ्याच्या डब्यात कोंबत होते. तसबिरींना फ्रेमा ठोकता ठोकता म्हातारा झालेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर म्हणाले होते, “साक्षीदार म्हणून सही कर गं.” तिने केली. वाचला नाही. सासऱ्यांचा कागद, त्यात वाचायचं काय.

“नवीन लिहिलंय,” ते म्हणाले.

“मग द्या, करते सही.”

“तू नको. न्हावी येतोय, टेलरबाई येतायत.”

झालं, तिचं डोकं सणकलं. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं हे दुकान तिने ओढलं. दिराने कधी एक काच पुसली नाही, आणि आता तो दुकान विकायचं म्हणत होता. विकलं तर तिने जायचं कुठे?

“सहीपुरतीसुद्धा परकी झाले मी? भाऊजींनी चांगलेच कान भरलेत.”

“त्याचा फोन आला की मी कानातलं यंत्र काढून ठेवतो. भरेल कसे?”

तेवढ्यात न्हावी आला, बोटांना फेस. “आटपा बाबा, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलंय.” मागून टेलरबाई, ओठांत टाचण्या, त्यामुळे गप्प. दोघांच्या डोळ्यांदेखत सासऱ्यांनी सही केली, मग त्या दोघांनी. न्हाव्याच्या अंगठ्याचा फेस समासाला लागला.

“बरंय तुमचं,” सून न्हाव्याला म्हणाली. “तुमच्यावर विश्वास आहे.”

“तसं नाही गं,” सासरे पुटपुटले. “वकीलबाईंनी झापलं मला. म्हणाल्या, जिला द्यायचं तिलाच साक्षीदार केलंत? साक्षीदाराच्याच नावे लिहिलेलं कोर्टात टिकत नाही.”

“म्हणजे मला काहीच नाही?” न्हाव्याने विचारलं.

“तुला म्हणूनच बोलावलं.”

टेलरबाई हसल्या, एक टाचणी पडली.

सुनेने डब्यात हात घातला, तुकडे काढले, काचेवर जुळवले. पहिल्यांदाच वाचलं. ‘दुकान थोरल्या सुनेला. फ्रेमचे कोपरे तिचेच जुळतात.’ खाली तिचीच सही, वेलांटीसकट. तिच्या एका सहीने सगळं घालवलं असतं, आणि ज्यांनी ते वाचवलं त्यांनाच ती मघापासून बोल लावत होती.

साक्षीदार गेले. सासऱ्यांनी कागद पिशवीत घातला, चपला शोधायला लागले. तिने त्या खाटेखालून काढून पुढे ठेवल्या. उजवीचा पट्टा तिनेच लावला.

“बाबा, मी—”

“यंत्र काढलंय मी,” ते घाईघाईने म्हणाले, कानाला हातही न लावता. यंत्र कानातच होतं. तिला दिसत होतं.

म्हणून तिने सगळं सांगितलं, नऊ वर्षांचं. ते दाराची कडी चाचपत उभे राहिले. नाक लाल झालं होतं.

“काही ऐकू येत नाही बघ मला. वकीलबाई पाचला ऑफिस बंद करतात. मला आता निघायलाच हवं.”