उरलंच तर सूप उरू दे

बासिलिसाने डुकराच्या कानाचा सगळ्यांत मऊ तुकडा शोधून तिच्या घरी भाड्याने राहणाऱ्या यागोदाच्या ताटलीत वाढला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"तुम्हीपण बसा ना," यागोदा म्हणाली.

"बसते. तू खा आधी."

टेबल डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता. 'येत्या रविवारी बघतो' म्हणता म्हणता बासिलिसाचा नवरा देवाघरी गेला, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. पावाच्या टोपलीखाली विद्यापीठाचा एक कागद ठेवला होता. त्यात लिहिलं होतं, यागोदाला राहायचं घर बदलायचं आहे, घरमालकिणीने इथे सही करावी. जेवण झालं की सही करायची, असं सकाळीच ठरलं होतं. कारण विचारलं, तर पोरगी कानापर्यंत लाल झाली आणि "तुम्ही खूप चांगल्या आहात" एवढंच म्हणाली. चांगल्या माणसाला सोडून कोण जातं?

लेकीने तर फोनवर बजावूनच ठेवलं होतं. "आई, ही गेली की गाशा गुंडाळायचा आणि बायादोलिदला माझ्याकडे यायचं. एकटं राहायचं नाही, ठरलंय आपलं. आणि त्या पोलंडच्या मुलीला कसले कान नि पाय खायला घालतेस? जरा जगासारखं वाढत जा की!"

"जग चुकीचं जेवतं," असं म्हणून बासिलिसाने फोन ठेवला होता. पण मनातून ती टरकली होती. जावयाचा तो दिवसभर चालणारा टीव्ही, आणि दुसरीच्या स्वयंपाकघरात 'मीठ कुठे ठेवलंस गं?' विचारत फिरायचं. नको रे बाबा.

तसं पोरगी काही टाकत नसे. रविवारी एकाच पातेल्यात शिजणाऱ्या कोसिदोतलं सात प्रकारचं मांस, मग काबुली चणे, मग कोबी, सगळं मुकाट्याने संपवायची. पण बासिलिसा आत गेली, की चार-पाच मिनिटांत हिची खुर्ची रिकामी. खोलीचं दार बंद, आत आईशी फोन. तीन रविवार हेच चाललं होतं. बासिलिसाच्या गावाकडे, मारागातो लोकांच्या मुलखात, असं अर्ध्या जेवणातून उठणं म्हणजे घरधनिणीचा उघड अपमान. पहिल्या रविवारी तिला राग आला, दुसऱ्या रविवारी वाईट वाटलं. तिसऱ्या रविवारी भरलेलं पातेलं सिंकमध्ये ओतताना तिला रडूच फुटलं.

आजही चणे संपले. बासिलिसा आत गेली. उकळत्या सुपात तिने मूठभर शेवया सोडल्या आणि कान देऊन उभी राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता मात्र तिने फडक्याने पातेलं उचललं आणि तशीच जाऊन खोलीच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"खोलीत. जेवण... छान झालं होतं."

"झालं होतं? तीन रविवार गप्प बसले. आता जातेच आहेस, तर ऐकून जा. माझं सूप काय विष आहे? पहाटे उठून उकळत ठेवते मी ते, आणि तू खुशाल पाठ फिरवून जातेस!"

यागोदा पातेल्यातल्या वाफेकडे बघत राहिली.

"सूप आहे?"

"आहे म्हणजे? सुपाशिवाय कोसिदो असतो का कुठे?"

"पण सूप तर आधी असतं."

"आधी पाण्याने पोट भरलं तर मांस काय कपाळात घालायचं? मांस, मग चणे, मग सूप. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"त्याला असेल. मला कुणी सांगितलं?"

बासिलिसाने पातेलं टेबलावर ठेवलं. खरंच, कुणी सांगितलं होतं? सूर्य उगवतो हे का कुणी पाहुण्याला सांगत बसतं!

"तुम्ही वाढायच्या आणि एक शब्द न बोलता आत निघून जायच्या," यागोदा म्हणाली. "मला वाटायचं, जेवण संपलं. यांना माझा कंटाळा आलाय. आमच्याकडे रविवारी सगळ्यांत आधी सूप, असंच शेवयांचं. आई दर रविवारी विचारते, सूप मिळालं का? मी हो म्हणते, आणि मग..." तिने बाहीने नाक पुसलं.

"बस खाली," बासिलिसा म्हणाली. "तू वेडी, आणि मी तुझ्याहून वेडी."

तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला होता. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिने बाउल काठोकाठ भरला. टेबल डुगडुगलं आणि सूप टेबलावरच्या कापडावर सांडलं. यागोदाने इकडेतिकडे बघितलं, टोपलीखालचा कागद ओढला, चार घड्या घातल्या आणि वाकून तो आखूड पायाखाली सारला.

"आता वाढा," ती म्हणाली.

उरलंच तर सूप उरू दे, असं बासिलिसाच्या गावी म्हणतात. आज पातेल्याचा तळ दिसला, आणि थाळ्यात कानाचे दोन तुकडे तसेच राहिले.

फोन वाजला. यागोदा भरल्या तोंडाने आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि हसली.

"काय विचारतेय आई?"

"नेहमीचंच."

"मग सांग तिला, तिसरा बाउल चाललाय."

बासिलिसाने टेबलाच्या कडेवर हात ठेवून जरा जोर देऊन पाहिला. टेबल हललं नाही.